पाच जणांना ठाऊक असलेला पत्ता

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ज्या दाराची बेल वाजली, त्या घराचा पत्ता आत राहणाऱ्या मायलेकी सोडल्या तर फक्त पाच जणांना ठाऊक होता. बेल वाजवणारा त्या पाचांतला नव्हता.

घर सांभाळणाऱ्या काकूंनी दाराच्या भिंगाला डोळा लावला. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. बेल दाबून तो दोन पावलं डावीकडे सरकला आणि शांत उभा राहिला. त्याचा फोटो काकूंनी दोन आठवड्यांपूर्वीच पाहिला होता. असा फोटो त्यांना मुद्दाम दाखवला जात असे, कोणासाठी दार उघडायचं नाही हे कळावं म्हणून.

तेवढ्यात आतून आठ वर्षांची मुलगी धावत आली. गाडी आली असं तिला वाटलं होतं. ती दाराशी पोचली आणि तिची पावलं ऐकून बाहेरचा माणूस बंद दारापलीकडून तिच्याशी बोलू लागला. अगदी हळू, रोज शाळेतून आल्यावर बोलावं तसा. काकूंनी पोरीला मागे ओढलं, वरची कडी लावली आणि पोलिसांना फोन फिरवला.

"घाई नाही," तो दाराकडे पाहत म्हणाला. "मला वेळच वेळ आहे."

पोलीस आले तेव्हा जिना रिकामा होता. आत मुलीची आई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"त्याला कोणी सांगितलं?"

२

घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना आसरा देणारं केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. जागा विचार करून घेतलेली. दवाखान्याच्या जिन्यावर चढणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही. आजूबाजूच्या प्रत्येक गल्लीत केंद्राची एक तरी ओळखीची बाई होती. कुठे शिक्षिका, कुठे भाजीवाली, कुठे नुसतीच सगळ्यांच्या खबरा ठेवणारी. भिंतीपलीकडून काही ऐकू आलं तर काय करायचं आणि कोणाला कळवायचं, हे त्यांना शिकवलेलं असे.

इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. नाव कानावर पडलं की तोंडून निसटतं, म्हणून तसा नियमच होता. रक्ताचे नमुने घेणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केलेली ती आई इथे 'लॅबवाली' झाली होती. तिच्या मुलीला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत, कारण ती भेटेल त्याला प्रश्नांनी भंडावून सोडे. केंद्राच्या प्रमुख पूर्वी परिचारिका होत्या. त्या 'मोठ्या बाई'. आणि पत्रव्यवहार नि नोंदवह्या सांभाळणाऱ्या, टपालखात्यातून निवृत्त झालेल्या बाई म्हणजे 'पोस्टबाई'.

पोस्टबाईंनी एकतीस वर्षं टपालाची छाननी केली होती. पावसात भिजलेला, अर्धा पुसलेला, 'पिंपळाजवळ, मामांच्या घरी' एवढाच लिहिलेला पत्तासुद्धा त्या वाचून काढत. ज्या पाकिटापुढे सगळ्यांनी हात टेकले, ते त्यांच्या टेबलावर यायचं आणि दोन दिवसांत बरोबर घरी पोचायचं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या फारसा लपवतही नसत.

मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून दार लावून घेतलं.

"तो कसा आला हे पोलीस विचारतील. त्याला कळलं कसं, हे मला हवंय. ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

"पत्ता पाच जणांना माहीत आहे. त्यांत तुम्ही आहात."

"माझंही नाव लिहा."

पोस्टबाईंनी कागद ओढला. मोठ्या बाई, समुपदेशन करणाऱ्या धाकट्या बाई, काकू, ड्रायव्हरकाका. पाचव्या ओळीवर त्यांनी 'स्वतः' असं लिहिलं आणि लगेच पुढे बरोबरची खूण केली. स्वतःची उलटतपासणी कोण घेतं?

मायलेकींना तोवर केंद्राच्या मागच्या खोलीत आणलं होतं. लॅबवाली खुर्चीच्या टोकावर बसली होती, पर्स मांडीवर, उठून निघायच्या तयारीत असल्यासारखी.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबते," ती पोस्टबाईंना म्हणाली. "तुमच्यातलं कोण फुटलं ते सांगा. नाही सांगता आलं तर मी घरी जाते. तिथे निदान मार कुठून येणार ते माहीत असतं."

३

काकूंनी सगळा प्रसंग दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी पोस्टबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"बेल दाबून तो बाजूला सरकला म्हणता. कोणत्या बाजूला?"

"डावीकडे. दोन पावलं."

"का?"

"आता ते मी काय सांगू?" काकू वैतागल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, आपलं दार बाहेर उघडतं. नवा माणूस आला की हमखास कपाळ आपटून घेतो. तुम्हीसुद्धा पहिल्यांदा आपटलं होतं."

पोस्टबाईंनी तेवढं लिहून घेतलं. पत्ता सांगताना माणूस गल्ली सांगतो, मजला सांगतो. दार कुठल्या बाजूला उघडतं हे कोणी सांगत नाही. ते पाहावं लागतं. त्याने ते दार उघडताना पाहिलं होतं. सोमवारच्या आधी केव्हा तरी.

"गेल्या आठवड्यात दारातून कोण कोण आलं?"

"कोणीच नाही. शनिवारी ड्रायव्हरकाका आले होते, संध्याकाळी. सामान द्यायला. बस."

मागच्या खोलीत प्रश्नपत्रिका जमिनीवर चित्र काढत बसली होती. नाकावर नवा चष्मा. आधीचा चष्मा तिने त्या घरी आल्यावर दहाव्या दिवशी जिन्यात पाडून फोडला होता, आणि नवा येईपर्यंत चार दिवस डोकं दुखतं म्हणून कुरकुरत होती. पोस्टबाई तिच्याजवळ बसल्या.

"बाबा दाराबाहेरून काय म्हणाले गं?"

"आधी म्हणाले, कशी आहेस. मग म्हणाले, आई आहे का. मी नाही सांगितलं." मुलीने रंगाची कांडी बदलली. "मग म्हणाले, चष्मा आता नाकावरून घसरत नाही ना? मी म्हटलं, नाही. पोस्टआजी, मी बोलले म्हणून काही झालं का?"

"छे गं. काही नाही झालं."

त्याच वेळी बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि पोस्टबाई उठल्या. वहीत त्यांनी लिहिलं : 'कशी आहेस. आई आहे का.' पुढचं वाक्य लिहायचं राहून गेलं.

हाक मारली होती धाकट्या बाईंनी. त्या दारात उभ्या होत्या, डोळे लाल.

"मला काहीतरी सांगायचंय," त्या म्हणाल्या. "बहुतेक माझ्यामुळेच झालंय हे."

४

धाकट्या बाईंना जेमतेम दोन वर्षं झाली होती या कामात. बोलताना त्या स्वतःचीच बोटं मोडत होत्या.

"गेल्या बुधवारी लॅबवाली इथे आली होती तेव्हा खूप रडत होती. आईचा आवाज ऐकायचाय म्हणाली. मी माझ्या फोनवरून लावून दिला. दोनच मिनिटं. नियमात बसत नाही ते माहीत होतं मला."

"पत्ता सांगितला तिने?"

"नाही. मी शेजारीच होते. नुसतं 'मी बरी आहे, पोर बरी आहे' एवढंच. पण तिच्या आईकडे माझा नंबर गेला ना."

पोस्टबाईंनी तोच फोन घेतला आणि तोच नंबर लावला. लॅबवालीची आई आधी काही बोलेनाच. मग जे बोलायला लागली ते थांबेना. जावई रोज येतो, समोर बसतो, एक अक्षर वाकडं बोलत नाही. शेजारी विचारतात, मुलगी कुठे आहे. लोकांना तोंड काय दाखवायचं. मुलीने थोडं सोसायला हवं होतं, आम्ही नाही का सोसलं.

"जावयाला तुम्ही काही सांगितलंत?"

"मला माहीतच नाही तर सांगू काय? विचारायचा रोज. शनिवारी रात्री आला तेव्हा मात्र काही विचारलं नाही. उलट हसला. म्हणाला, शोधायची वेळच आली नाही, त्यांनीच कळवलं."

"त्यांनीच? हाच शब्द?"

"हाच. 'त्यांनीच कळवलं.' मग म्हणाला, सोमवारी घेऊन येतो दोघींना."

तिचा आवाज उतरला. "मी तिला कळवायला हवं होतं का हो?" म्हातारीने विचारलं. "तुमचा नंबर होता माझ्याकडे. मला वाटलं, नवराबायकोचं आहे, मिटेल."

 पोस्टबाईंनी फोन ठेवला. धाकट्या बाई सुटल्यासारख्या खुर्चीत बसल्या आणि मग सुटल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा रडल्या.

आता गोष्ट सरळ दिसत होती. शनिवारी कळलं. कळवणारा केंद्रातलाच. शनिवारी त्या दारातून एकच माणूस आत गेला होता. आणि सोमवारी मायलेकींना वकिलाकडे न्यायला ज्याने बरोबर नऊला पोचायचं होतं, तो पोचला होता नऊ चाळीसला. तो वेळेवर आला असता, तर बेल वाजली तेव्हा घरात काकूंशिवाय कोणीच नसतं.

पोस्टबाईंनी वही मिटली आणि ड्रायव्हरकाकांना वर बोलावून घेतलं.

५

काका आठ वर्षं केंद्राची गाडी चालवत होते. मोजकं बोलायचे. टेबलापुढे उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मोठ्या बाई खिडकीशी होत्या.

"सोमवारी नऊला गाडी दारात हवी होती," पोस्टबाई म्हणाल्या. "चाळीस मिनिटं कुठे होतात?"

"काम होतं."

"कसलं?"

"घरचं."

"शनिवारी तुम्ही त्या घरी गेलात. त्याच रात्री त्याला पत्ता कळला. सोमवारी तुम्ही उशीर केलात आणि नेमका तेव्हाच तो आला. काका, मी काय समजू?"

काकांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग जमिनीकडे. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"मी कोणाला काही सांगितलेलं नाही. याहून जास्त विचारू नका. हात जोडतो."

"विचारावं लागेल. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."

काकांनी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या, आवाज होणार नाही अशा बेताने टेबलावर ठेवल्या आणि ते जिना उतरून गेले.  पोस्टबाईंच्या मनात टपालखात्यातलं जुनं समाधान दाटून आलं. अवघड पाकीट योग्य खणात पडल्याचं.

त्या समाधानातच त्यांनी ती चूक केली. पक्कं व्हायच्या आधीच त्या मागच्या खोलीत गेल्या आणि लॅबवालीला म्हणाल्या, "सापडला बहुतेक. ड्रायव्हर."



"ते?" लॅबवाली म्हणाली. "पहिल्या दिवशी मी त्यांच्या गाडीत तास-दीड तास रडत होते. त्यांनी समोरचा आरसा वर फिरवून ठेवला, मला बघावं लागू नये म्हणून. तेव्हापासून मी बसले की ते आधी आरसा फिरवायचे." तिने मुलीची चित्रं गोळा करायला सुरुवात केली. "तेच असतील, तर मग कोणावरच नको. उद्याची संध्याकाळ कशाला? सकाळीच जाते मी."

६

मंगळवारी केंद्र उघडायच्या आधीच जिन्यावर एक तरुण बाई बसलेली होती. उजव्या मनगटाला नवं कोरं प्लास्टर. पोस्टबाईंना पाहून ती उठली.

"माझे वडील इथे गाडी चालवतात," ती म्हणाली. "चालवायचे."

मोठ्या बाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती पाणी न पिता बोलू लागली. घाई होती तिला. थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही अशी.

"काल सकाळी सात वाजता मी त्यांना फोन केला. हात सुजला होता. ते मला हाताचा एक्स-रे काढायला घेऊन गेले. जवळच्या दवाखान्यात नाही, पार दुसऱ्या टोकाला, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. म्हणून उशीर झाला."

"हात कशाने मोडला?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम परिचारिकेचा झाला होता.

"दाराने." ती थांबली. "म्हणजे दार माझ्या नवऱ्यानेच लावलं. माझा हात मध्ये होता."

मोठ्या बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"दोन वर्षं झाली. बाबांना सहा महिन्यांपूर्वी कळलं. मी म्हटलं, तुमच्या केंद्रात सांगू या. ते म्हणाले, आठ वर्षं दुसऱ्यांच्या लेकी पोचवतोय, आता कुठल्या तोंडाने सांगू की माझ्याच घरात हे चाललंय आणि मला दिसलं नाही. काल रात्री ते जेवले नाहीत. तुम्ही त्यांना चोर ठरवलंत, तरी माझं नाव सांगितलं नाही त्यांनी." तिने पोस्टबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच ना त्या?"

"हो," पोस्टबाई म्हणाल्या. "मीच."

त्या उठून आपल्या टेबलाशी गेल्या. कान तापले होते. एका माणसाने जी गोष्ट सहा महिने छातीशी धरून ठेवली होती, ती त्यांनी एकाच दुपारी ओरबाडून काढली होती. आणि खरा प्रश्न होता तिथेच होता. काका नाहीत, धाकट्या बाई नाहीत. काकूंनी बोलावून घेतलं असतं तर पोलिसांना फोन केला नसता. मोठ्या बाई दहा दिवस परगावी होत्या आणि शनिवारी रात्री परतल्या होत्या.

पोस्टबाईंनी वही उघडली. मुलीच्या जबानीखाली अर्धं पान कोरं होतं.

हाक आली म्हणून लिहायचं राहिलं, असं त्या काल दुपारपासून स्वतःला सांगत होत्या. आता ते सांगून भागेना. त्यांनी पेन उचलला आणि राहिलेलं वाक्य लिहिलं :

'चष्मा आता नाकावरून घसरत नाही ना?'

७

जुना चष्मा मुलीने घर सोडल्यावर फोडला होता. नवा आल्याचं बापाला कळायचं काही कारण नव्हतं. दाराच्या भिंगातून बाहेरचं दिसतं, आतलं नाही. मुलगी त्याच्या नजरेला पडलीच नव्हती. तरीही त्याने विचारलं, 'आता' घसरत नाही ना. म्हणजे नवा चष्मा आला हे त्याला आधीच माहीत होतं.

आणि नवा चष्मा कोणी करवून घेतला होता?

पोस्टबाईंना तो बुधवार लख्ख आठवला. पोर डोकं धरून बसली होती. चष्म्याच्या डबीवर दुकानाचं नाव आणि कार्ड नंबर होता. पुन्हा डोळे तपासा, रांगेत बसा, हे कशाला? दुकानात सगळी माहिती आहेच. त्यांनी केंद्रातूनच फोन केला, मुलीची मावशी म्हणून सांगितलं, कार्ड नंबर दिला. दुकानदाराने पत्ता विचारला, तेव्हा त्या मनातल्या मनात हसल्या होत्या. पत्ता द्यायला त्या काय काल जन्मल्या होत्या? त्यांनी घरापासून दोन गल्ल्या दूर असलेलं, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान सांगितलं. चष्मा तिथे ठेवा, आमचा माणूस घेऊन जाईल.

घर सोडून आलेल्या प्रत्येक बाईला एक छापील कागद दिला जाई. जुना डॉक्टर, जुनी शाळा, जुनं दुकान, कुठेही संपर्क करायचा नाही. तो कागद पोस्टबाईंनीच टाइप केला होता. तो बायकांसाठी आहे, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी चष्म्याच्या दुकानाला फोन लावला.

"चष्मा तयार झाला की तुम्ही कोणाला कळवता?"

"कार्डवर जो मोबाइल असेल त्यावर मेसेज आपोआप जातो, मॅडम."

"या कार्डवर कोणाचा आहे?"

दुकानदाराने बघून सांगितलं. वडिलांचा.

"मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, वाचून दाखवाल?"

" 'आपल्या मुलीचा नवा चष्मा तयार आहे. शनिवारी दुपारी चारपर्यंत पुढील पत्त्यावर पोचेल.' आणि खाली ते मेडिकलचं नाव, गल्ली. का मॅडम, मिळाला नाही का?"

"मिळाला," पोस्टबाई म्हणाल्या.

बाकीचं आपोआप जुळलं. लॅबवालीचा नवरा जमीन मोजणी खात्यात नोकरीला. उन्हात तासन् तास उभं राहून दुरून बघत राहायची सवय. शनिवारी तो औषधांच्या दुकानापाशी थांबला. काकांनी पुडकं घेतलं, तो त्यांच्या मागोमाग गेला, दार बाहेरच्या बाजूला उघडताना त्याने पाहिलं. कोणी फुटलं नव्हतं. 'त्यांनीच कळवलं' हे त्याने खरंच सांगितलं होतं, अक्षरशः खरं.

पोस्टबाईंनी यादीचा कागद काढला. पाचव्या ओळीपुढची खूण त्यांनी खोडली नाही. खोडली असती तर पुन्हा कोणाला दिसली नसती, आणि ती दिसायला हवी होती. तो कागद तसाच हातात घेऊन त्या मागच्या खोलीकडे निघाल्या. मोठ्या बाईंनी वाटेत अडवलं.

"आधी मला सांगा. मग आपण ठरवू तिला कसं सांगायचं."

"ठरवलं की ते गुळगुळीत होईल," पोस्टबाई म्हणाल्या. "तुम्हीही चला. दोघींना एकदमच सांगते."

८

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. चष्मा, कार्ड, औषधांचं दुकान, मेसेज. चांगल्या हेतूने केलं, हे शब्द दोनदा ओठांपर्यंत आले आणि दोन्हीदा त्यांनी गिळले. मुलीचं वाक्य ऐकूनही लिहिलं नाही, हेही सांगितलं. काकांचं नाव घेतलं ते चुकीचं होतं, हेही. सांगून झाल्यावर आपले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

लॅबवालीच्या पायाशी बॅग भरून तयार होती. 

"मी आईला फोन केला होता," ती म्हणाली. "कालपासून मला वाटतंय की त्या फोनमुळे झालं. रडू आवरलं असतं तर हे झालं नसतं. तो नेहमी म्हणायचा, तुला एक गोष्ट धड जमत नाही. मला वाटलं, बरोबरच म्हणायचा."

"त्या फोनने काही झालं नाही."

"माझ्यामुळे नाही."

"नाही. माझ्यामुळे."

ती रडली नाही. नुसती खुर्चीत मागे सरकून बसली, इतक्या वेळात पहिल्यांदाच पाठ टेकून.

"त्याने दहा वर्षांत एकदाही असं म्हटलं नाही," ती म्हणाली. आणि पोस्टबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आत तिने हात वर केला. "म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला राग आलाय. खूप आलाय."

"यायलाच हवा."

"मी घरी जाणार नाही. पण आता कुठे राहायला गेले, तर ते तुम्हाला कळता कामा नये."

"मीच ते सांगणार होते," पोस्टबाई म्हणाल्या. खरं तर त्या सांगणार नव्हत्या. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत त्यांना ते सुचलंही नव्हतं.

लॅबवालीने कागद मागितला. "त्याचा नंबर कुठे कुठे दिलाय ते मी लिहून देते. तुम्हाला ते कधी सुचणार नाही." ती भराभर लिहू लागली, लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिताना लिहीत असेल तशी. दातांचे डॉक्टर. वाचनालय. शाळेची बस. लसीकरणाचं कार्ड. चपला जिथे घेतल्या ते दुकान, तिथेही मोबाइल विचारला होता. पान भरलं तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या की हा कागद आता प्रत्येक नव्या बाईकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचा, आणि तो पहिल्यांदा केंद्रातल्या माणसांनी वाचायचा.

दुपारी पोस्टबाई काकांच्या घरी गेल्या. दार मुलीने उघडलं. काका आत पलंगावर बसले होते. पोस्टबाईंनी उंबऱ्यातूनच बोलायला सुरुवात केली, कारण आत जायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना.

"चूक माझी होती. नाव तुमचं घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं, म्हणून सगळ्यांना सांगून आले आणि मग इथे आले."



"शनिवारी त्या दुकानात एका माणसाने माझ्यासाठी दार धरलं होतं," काका म्हणाले. "मी त्याला आभारी आहे म्हटलं. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. डोक्यात पोरीचंच होतं. तेव्हा तुम्ही म्हणता तेवढा मीही काही धुतल्या तांदळाचा नाही."

"त्याला चूक म्हणत नाहीत, काका."

"मग कशाला म्हणतात?"

पोस्टबाईंनी बरोबर आणलेल्या गाडीच्या किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या.

"गाडी घेऊन येतो संध्याकाळी," काका म्हणाले. "हिलाही आणतो. मोठ्या बाई बोलावतायत तिला. पण तुमच्याशी पूर्वीसारखं बोलायला मला वेळ लागेल. मनात धरून नाही, जमतच नाही म्हणून."

"लागू दे."

संध्याकाळी सहाला गाडी दवाखान्यासमोर लागली. काकांची मुलगी वर गेली आणि धाकट्या बाईंच्या खोलीचं दार तिच्यामागे बंद झालं. लॅबवाली बॅग घेऊन खाली उतरली. पोस्टबाई जिन्याच्या वळणावर होत्या. ती त्यांच्या अगदी जवळून गेली, थांबली नाही. प्रश्नपत्रिका मात्र थांबली.

"पोस्टआजी, तुम्ही येणार आमच्याकडे?"

"नाही, बाळा."

"का?"

"मला पत्ता माहीत नाही."

"तुम्हाला तर सगळ्यांचे पत्ते माहीत असतात."

"हा नाही," पोस्टबाई म्हणाल्या.

मुलगी आणखी काही विचारणार होती, पण खालून आईने हाक मारली आणि ती दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली. गाडीचं दार लागलं. पोस्टबाई वर आपल्या टेबलाशी आल्या. तिथल्या खिडकीतून रस्ता थेट चौकापर्यंत दिसे, आणि चौकातून गाडी कुठे वळली हेही. इंजिन सुरू झालं, तेव्हा त्या उठल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, आवाज पुरता बंद होईपर्यंत उभ्या राहिल्या.